लाखकामासाठी विजेची खराद : वेग, ताप आणि हात

आपल्या अनेक महाविद्यालयांच्या कार्यशाळेत एक तरी लेथ असते. कुठे ती सुतारकामासाठी घेतलेली असते, कुठे लोखंड कातण्यासाठी. तीच लेथ, जिला आपले जुने कारागीर खराद म्हणतात, लाखकाम शिकवण्यासाठी वापरता येईल काय, असा प्रश्न व्यवसाय अभ्यासक्रम चालवणाऱ्या अध्यापकांकडून वरचेवर विचारला जातो. उत्तर होकारार्थी आहे. मात्र खरेदी केली तशीच ती चालू करून लाखेची कांडी टेकवली, तर पहिल्याच आठवड्यात विद्यार्थी निराश होतात. लाख भुगा होऊन उडते, नाही तर करपते. मग कोणी तरी एनॅमल रंगाचा डबा आणतो, कुंचल्याने रंग फासतो आणि अभ्यासक्रमाचे नाव मात्र "लाखकाम" असेच राहते. प्रस्तुत लेखाचा हेतू हे का घडते ते समजावून देणे आणि खरादीत कोणते फेरफार करावे लागतात ते सांगणे हा आहे.

हा हुनर आपल्या वाचकांपासून दूरचा नाही. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीचे लाखकाम प्रसिद्ध आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना संखेडा ठाऊक असेल. ओरसंग नदीकाठचे हे गाव २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. तेथे सागवानी पाये-दांड्यांवर कथलाच्या रंगाने नक्षी काढून वर लाखेचा पारदर्शक थर देतात आणि पांढरे कथील सोन्यासारखे दिसू लागते. आंध्रातील एटिकोप्पाका, कर्नाटकातील चन्नपट्टण ही आणखी दोन मोठी केंद्रे. बंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना सुमारे ६० किलोमीटरवर लागणाऱ्या चन्नपट्टणात या कामाची सुरुवात टिपू सुलतानाच्या काळात झाली असे परंपरा सांगते, आणि त्याच्या आधुनिक रूपाशी बावस मियाँ यांचे नाव जोडले जाते. बेळगावच्या वाचकांना परिचित असलेली गोकाकची फळे-खेळणी हा मात्र वेगळा हुनर आहे, तेथे रंग कुंचल्याने चढतो. आपण ज्याबद्दल बोलत आहोत त्या कामात कुंचला नाही, रंगाचे भांडे नाही, वाळवण्याचा कट्टा नाही. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली जाते, घर्षणाने ती मऊ होते आणि लाकडावर चढते. एवढेच.

या "एवढेच"मध्ये सगळी गोम आहे. सुतार खराद वापरतो ती आकार काढण्यासाठी. लाखकाम करणाऱ्याची खराद आकारही काढते आणि चूलही होते. एकाच यंत्राकडून ही दोन कामे घ्यायची असल्याने त्याचा वेग सुताराच्या हिशेबाने ठरवून चालत नाही.

हाताची खराद काय करत होती

जुनी हातखराद अगदी साधी असे. दोन टोकांमध्ये लाकूड अडकवायचे, त्याभोवती धनुकलीच्या दोरीचा वेढा द्यायचा आणि एका हाताने धनुकली पुढे-मागे ओढायची. लाकूड एकदा पुढे फिरते, एकदा मागे. पटाशी फक्त एकाच दिशेला कापते, म्हणजे निम्मे श्रम वाया. कारागीर जमिनीवर बसून दुसऱ्या हाताने हत्यार धरतो आणि पायाच्या अंगठ्याने त्याला टेका देतो. काम संथ चाले, यात शंका नाही. विजेची मोटार आली तेव्हा कारागिरांनी तिचे स्वागत केले ते योग्यच होते. दिवसभर धनुकली ओढून खांदा किती दुखतो हे ज्याने ती ओढली त्यालाच ठाऊक.

पण हातखरादीत एक गुण होता व तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता. उस्ताद पातळ दांडीवर लाख चढवताना धनुकली जोरात ओढी, जाड लाकूड आले की हात आपोआप मंद होई. लाख चिकटेना तर थोडी गती वाढे, वाहू लागली तर कमी होई. वेगाचे नियंत्रण त्याच्या दंडात होते. मोटार लावल्यावर श्रम गेले, आणि त्याबरोबर हे नियंत्रणही गेले. मोटार एकच वेग जाणते. म्हणून फेरफार करायचा तो मुख्यतः या हरवलेल्या नियंत्रणासाठी.

ताप कोठून येतो

शास्त्र फार अवघड नाही, आठवी-नववीच्या पदार्थविज्ञानात बसते. घर्षणातून दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता म्हणजे दाबाचे बल, घर्षणांक आणि पृष्ठभागाचा वेग यांचा गुणाकार. समजा, विद्यार्थ्याने कांडी साधारण २० न्यूटन जोराने (म्हणजे दोन किलोच्या वजनाइतक्या) दाबली, घर्षणांक ०.४ धरला आणि पृष्ठभाग सेकंदाला दीड मीटर वेगाने सरकत असला, तर १२ वॅट उष्णता तयार होते. रात्री लावायच्या लहान दिव्याइतकी. पण ही सगळी उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. लाकूड आणि लाख दोन्ही उष्णतेचे मंद वाहक आहेत. पितळेच्या तुलनेत लाकडाची वाहकता शेकडो पट कमी असते. त्यामुळे उष्णता आत पळून जात नाही, वरच्या पातळ थरातच राहते. म्हणूनच ही पद्धत लाकडावर चालते. पितळेच्या पेल्यावर अशीच लाख चढवायची तर पेला आधी तापवावा लागेल.

लाख साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन वाहू लागते. त्याहून थंड असेल तर तिचा भुगा होतो. त्याहून फार गरम झाली तर आणखी मोठे नुकसान आहे आणि ते विद्यार्थ्यांना मुद्दाम समजावले पाहिजे. लाख हे मेण नव्हे. मेण शंभर वेळा वितळवले तरी मेणच राहते. लाखेचे रेणू तापवत राहिल्यास एकमेकांशी जोडले जातात, त्यातून पाणी सुटते, आणि शेवटी ती न वितळणारी, ठिसूळ होते. जास्त तापलेल्या थरात बुडबुडे दिसतात त्यामागे हे एक कारण आहे. करपलेली लाख खरवडून पुन्हा कांडीत मिसळू नये, तिच्यामुळे पुढच्या कामात दाणे येतात.

आता मुद्दा वेगाचा. कारखान्यातले लोक "किती फेरे" असे विचारतात. लाखेला फेऱ्यांशी काही देणेघेणे नाही, तिला पृष्ठभागाचा वेग कळतो. मिलिमीटरमधला व्यास, मिनिटाचे फेरे आणि ३.१४ यांचा गुणाकार करून हजाराने भागले की मिनिटाला किती मीटर ते मिळते. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी नेहमीची चार ध्रुवांची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे करते. ती सरळ जोडली तर २० मिलिमीटर जाडीच्या दांडीचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ९० मीटर सरकेल, पण ८० मिलिमीटरच्या चेंडूचा सुमारे ३६२ मीटर. चौपट व्यास, चौपट वेग, त्याच दाबाला चौपट उष्णता. याच यंत्रावर सकाळी लाटण्याची मूठ सुरेख रंगली आणि दुपारी वाटीवर लाख करपली, तर दोष विद्यार्थ्याच्या हाताचा नसतो.

पुलीचा हिशेब

सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय पायरीच्या पुल्यांचा आहे. मोटारीवर ५०, ७५ व १०० मिलिमीटरच्या तीन पायऱ्यांची पुली, आणि स्पिंडलवर उलट क्रमाने १५०, १२५ व १०० मिलिमीटरची. प्रत्येक जोडीची बेरीज २०० येते, त्यामुळे एकच बेल्ट तिन्ही पायऱ्यांवर बसतो. वेग मिळतात ४८०, ८६४ आणि १४४०. मोठ्या व्यासाची कामे करायची असतील तर मध्ये एक जादा शाफ्ट घालून वेग निम्मा करावा, म्हणजे २४०, ४३२, ७२० हेही मिळतात. २४० फेऱ्यांवर ८० मिलिमीटरच्या कामाचा वेग मिनिटाला ६० मीटर होतो. शिकवण्याच्या कामाला इतका विस्तार पुरेसा आहे. ५० मिलिमीटरची पुली बेल्टच्या दृष्टीने लहान आहे, बेल्ट थोडा घसरतो. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीवर ते खपते. किंबहुना शिकाऊ खरादीवर बेल्ट किंचित सैल असलेला बरा, कारण हत्यार अडकले तर बेल्ट घसरेल, लाकूड फुटून उडणार नाही.

अलीकडे व्हीएफडी, म्हणजे वेग कमीजास्त करणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, सहज मिळते. घरगुती विजेवरून थ्री-फेज मोटार चालवता येते आणि एका बटणाने वेग बदलतो. हातखरादीच्या सर्वांत जवळ जाणारी सोय हीच. तिच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. फार कमी वेगावर मोटारीचा स्वतःचा पंखाही मंद होतो आणि ती तापते, म्हणून व्हीएफडी असली तरी पुली ठेवावी. दुसरे, एकदम थांबवण्याची सोय बंद ठेवावी, कारण आट्यांवर बसवलेला चक जडत्वाने उलटा फिरून निसटू शकतो. याच कारणाने मोटार उलट दिशेला चालवण्याची सोयही काढून टाकावी.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. पंख्याला लावतात तसा रेग्युलेटर सिंगल-फेज मोटारीला जोडण्याचा मोह अनेकांना होतो. खरादीच्या मोटारीत बहुधा एक केंद्रोत्सारी स्विच असतो. मोटारीने गती घेतली की तो सुरुवातीची वेटोळी तोडतो. रेग्युलेटरने वेग पाडला की तोच स्विच पुन्हा जुळतो, आणि जी वेटोळी सेकंदभरासाठी बनवलेली आहे ती सतत विजेखाली राहून जळते. रिवाइंडिंगचा खर्च पुल्यांच्या किमतीपेक्षा जास्त येतो.

धातूची लेथ असेल तर तिच्यात गिअरने मिळणारे मंद वेग आधीच असतात, हा मोठा फायदा आहे. अडचण भुशाची. लाकडाचा बारीक भुसा सरकपट्ट्यांवरील तेलात मिसळून त्याची पेस्ट होते आणि ती पट्ट्या खाते. पत्र्याचे झाकण करून पट्ट्या झाकाव्यात, काम संपल्यावर पुसून पुन्हा तेल द्यावे. मणी, बटणे अशा लहान वस्तूंसाठी बेंच-ड्रिल उभ्या खरादीसारखे वापरता येते, त्यातही पायरीच्या पुल्या असतात. हातातले ड्रिल शेगड्यात आवळून त्याची खराद करण्याचा प्रकार मात्र वर्गात नसावा. त्याची बेअरिंगे आडव्या दाबासाठी नसतात, आणि बटण अडकवून ठेवले की संकटकाळी ते सुटत नाही.

नेमका वेग कोणता? वर्गात करायचा प्रयोग

या प्रश्नाचे एका आकड्यात उत्तर देणे मी टाळतो. लाखेची जात, तिच्यातील रंगद्रव्य, हवामान आणि कांडीची जाडी यांनुसार तो बदलतो. बेळगावच्या डिसेंबरातील सकाळ आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील दुपार यांत कांडीच तीस अंशांनी वेगळी असू शकते. पण प्रत्येक कार्यशाळेला आपला आकडा तासाभरात काढता येतो.

सुमारे २०० मिलिमीटर लांबीचा लाकडी शंकू कातावा, एका टोकाला व्यास ८० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला २०. जाड टोक चकात, बारीक टोकाला मागचा टेका. खराद ८६४ फेऱ्यांवर चालवावी. बारीक टोकाचा वेग मिनिटाला ५४ मीटर, जाड टोकाचा २१७ मीटर. आता एकाच कांडीने, शक्य तितक्या सारख्या दाबाने, बारीक टोकापासून जाड टोकापर्यंत लाख चढवत जावे. बारीक टोकाला लाख खरखरीत, तुटक बसेल. पुढे एक पट्टा गुळगुळीत, चमकदार येईल. जाड टोकाकडे ती वाहील, वळ्या पडतील, कदाचित तपकिरी होईल. खराद थांबवून त्या चांगल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांचा व्यास कॅलिपरने मोजावा. समजा तो ३५ आणि ५० मिलिमीटर आला. म्हणजे आपल्या लाखेला मिनिटाला ९५ ते १३६ मीटर वेग मानवतो. मग ८० मिलिमीटरच्या वाटीला किती फेरे हवेत? हिशेबाने ३७८ ते ५४१, तेव्हा ४८०ची पायरी योग्य. २० मिलिमीटरच्या दांडीला १५००च्या वर हवेत, ते आपल्याकडे नाहीत. तेथे १४४०वर चालवून कांडी जरा अधिक दाबावी लागेल. ३५ आणि ५० हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले काढावेत आणि खरादीशेजारी भिंतीवर लिहून ठेवावेत.

हा प्रयोग मला दुहेरी उपयोगाचा वाटतो. गणिताच्या तासाला कंटाळणारा मुलगा येथे स्वतःहून गुणाकार करतो. आणि ज्या मुलाच्या घरी हा धंदा पिढ्यान् पिढ्या आहे, त्याला वडिलांचा हात जे जाणत होता त्याला आकडाही आहे हे दिसते. उस्तादाला वर्गात बोलवावे, शंकूवरचा चांगला पट्टा त्याला न मोजता दाखवायला सांगावा आणि मग कॅलिपर लावावा.

चक, टेका, पान

सुतारी खरादीवर लाकूड दोन टोकांमध्ये धरतात. लाखकामात वस्तूचे एक टोक मोकळे हवे, कारण ती वस्तू कातून, रंगवून, चमकवून मग चकावरच कापून वेगळी करायची असते. चन्नपट्टणात यासाठी पोकळ चक वापरतात. लाकडाचे टोक किंचित निमुळते करून हातोडीने त्यात ठोकून बसवतात. महाविद्यालयात असा चक करून घेणे कठीण नाही. जाड नळीचा तुकडा, आतून थोडा निमुळता, मागे स्पिंडलच्या आट्या. बाहेर एकही स्क्रू किंवा कान डोकावता कामा नये. तीन जबड्यांचा धातूचा चक लाकडात वळ उमटवतो आणि त्याचे बाहेर आलेले जबडे फिरताना डोळ्याला दिसत नाहीत, बोटांना मात्र सापडतात. पोकळ चकात ठोकलेले लाकूड जितके जाड आहे त्याच्या तीन-चार पटींहून अधिक लांब बाहेर राहत असेल तर मागचा टेका लावावाच.

लाकूड निवडताना बारीक, एकसारखा पोत पाहावा. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका येथे ज्या झाडाचे लाकूड वापरतात त्याला आपण काळा कुडा म्हणतो. ते पांढरट, मऊ आणि सलग असते. कोणतेही असो, ते वाळलेले पाहिजे. ओल्या लाकडावर लाख दाबली की आतल्या पाण्याची वाफ होते, थर उचलला जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आकसले की उरलेलाही सुटतो. काचकागद मध्यम घ्यावा. आरशासारखे घासलेल्या लाकडावर लाखेला पकड मिळत नाही, तर पारदर्शक लाखेखाली भरड कागदाचे ओरखडे कायमचे दिसतात. हात तेलकट नकोत.

लाख चढवण्यापूर्वी हत्यार टेकवायचा आडवा टेका पूर्ण काढून ठेवावा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. टेका आणि फिरते लाकूड यांच्यामधली फट हीच बोट सापडण्याची जागा आहे, आणि कांडी किंवा काचकागद धरलेला हात तिच्या अगदी जवळ असतो.

थर चढल्यावर तो सारखा करायला केवड्याचे पान लागते. काटेरी कडा काढून आखूड पट्टी करायची आणि फिरत्या कामावर दाबायची. घर्षणाने वरचा थर पुन्हा मऊ होतो, पसरतो, चमकतो. पानाऐवजी फडके चालेल काय, असे विद्यार्थी हमखास विचारतात. चालणार नाही. फडके बोटांभोवती गुंडाळलेले असते, त्याचा एक धागा अडकला की ते हातासकट आत ओढले जाते. पानाची आखूड, ताठ पट्टी बोटाला वेढा घालत नाही. अडकलीच तर हातातून निसटून जाते. जुन्या लोकांनी पान का निवडले ते कोणी सांगू शकत नाही, पण विजेच्या खरादीवर त्याचा हा उपयोग हातखरादीपेक्षा जास्त आहे.

दोष ओळखायला नाक-कान पुरतात. लाख भुगा होऊन उडते आणि कर्कश आवाज येतो, तेव्हा वेग कमी आहे किंवा कांडी गार आहे. दिव्याच्या वर हातभर अंतरावर ती थोडी शेकावी. वळ्या आणि गोडसर करपट वास आला तर दाब कमी करावा, वेग नंतर. गोलाकार रेषा दिसल्या तर कांडी आडवी सरकवण्याची घाई झाली. एकाच जागी थर सोलला जातो तेव्हा तेथे तेल किंवा मेण आहे असे समजावे.

थांबवण्याची सोय

हातखराद हात थांबला की थांबते. विजेची थांबत नाही, हा दुसरा मोठा फरक. त्यामुळे चालू करण्याचे बटण जरा दूर आणि बंद करण्याचे बटण अगदी जवळ, शक्यतो गुडघ्याने किंवा पायाने दाबता येईल असे असावे, कारण अडचण येते तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात. साध्या घरगुती स्विचवर खराद जोडू नये. वीज गेली, मुले उठून गेली आणि अर्ध्या तासाने वीज परतली तर खराद आपोआप सुरू होते. ज्या स्टार्टरमध्ये वीज जाताच जोड सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय जुळत नाही असाच स्टार्टर घ्यावा. आपल्याकडील वीजपुरवठा पाहता मी या एका वस्तूवर तडजोड करणार नाही.

सैल बाही, लटकती ओढणी, मोकळे केस, गळ्यातला दोरा किंवा ताईत, अंगठी, घड्याळ यांपैकी काहीही फिरत्या कामाजवळ नको. मुलींना यावरून कार्यशाळेबाहेर ठेवण्याची पळवाट शोधू नये. घट्ट बाहीचा एप्रन, डोक्यावरचे वस्त्र आत खोचून पिनने बसवलेले, एवढे केले की प्रश्न संपतो. हातमोजे मात्र कोणीही घालू नयेत, ते फडक्याइतकेच धोक्याचे. भुशाकडे दुर्लक्ष होते. लाकडाच्या धुळीने माणसात कर्करोग होतो असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. खरादीच्या मागे धूळ ओढणारा पंखा आणि घासण्याच्या वेळी तोंडावर चांगला मास्क असावा. झाडूने कोरडा भुसा उडवण्यापेक्षा ओल्या कापडाने पुसावे.

रंगाची निवड

कांडी कार्यशाळेतच करायची असेल तर कोळशाच्या शेगडीऐवजी तापमान ठरवता येणारी विजेची तवा-शेगडी घ्यावी. लाख मऊ झाली की रंगद्रव्य घालून ती मळायची, ओढायची, पुन्हा घडी घालायची. रंग एकसारखा होईपर्यंत हे चालते. अति ताप येथेही नको, कारण जी लाख शेगडीवरच निम्मी घट्ट झाली ती खरादीवर कोणत्याही वेगाला नीट बसणार नाही.

कोणते रंगद्रव्य, हा प्रश्न सौंदर्याचा कमी आणि आरोग्याचा जास्त आहे. खेळणे मूल तोंडात घालते. "पारंपरिक रंग म्हणजे निर्धोक रंग" हा समज आपल्याकडे फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. शेंदूर हे शिशाचे संयुग, हिंगूळ पाऱ्याचे, हरताळ आर्सेनिकचे. तिन्ही परंपरेतलेच. बाजारातील भडक पिवळा पुष्कळदा लेड क्रोमेट असतो. हळद आणि नीळ निर्धोक आहेत, मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो हे गिऱ्हाइकाला सांगावे लागते. एटिकोप्पाका येथे वनस्पतिजन्य रंगांकडे परत जाण्याचे मोठे काम झाले, त्यासाठी सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरावा, सफेदा या नावाने सुटे मिळणारे काहीही घेऊ नये, कारण जुना सफेदा शिशाचाच.

कायद्याची बाजूही अध्यापकांना माहीत हवी. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या वस्तूंच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट आहे. महाविद्यालयाने वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची खेळणी विकायला ठेवली तर ही सूट आपोआप लागू होत नाही. विद्यार्थ्यांची कारागीर म्हणून नोंदणी करून घ्यावी, नाही तर खेळण्यांऐवजी मुठी, खुंट्या, लाटणी, पडद्याच्या दांड्या करवून घ्याव्यात. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने त्यांत काहीही कमी पडत नाही, उलट पातळ आणि जाड व्यास एकाच वस्तूत येत असल्याने पुली बदलण्याचा सराव होतो.

खेळण्यांच्या मानकात रंगातून विरघळून बाहेर येऊ शकणाऱ्या शिशाची मर्यादा दर किलोग्रॅमला ९० मिलिग्रॅम आहे. प्रत्येक रंगाच्या लाखेचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल कांडीच्या डब्यावर चिकटवावा. रंगद्रव्याची गोणी बदलली, अगदी त्याच दुकानातून त्याच नावाची आणली तरी, नमुना पुन्हा पाठवावा.